रश्श्याचे रूपांतर

जपानी कुटुंबाच्या रात्रीच्या जेवणातला 'करे-राइसु' तेथे पोहोचला तो इंग्लंडमार्गे. 1872 साली पाश्चात्त्य पाकक्रियेवर जपानीत दोन पुस्तके निघाली. दोहोंत करीची कृती होती. एकीत चक्क बेडूक घालायला सांगितला आहे! दुसऱ्या पुस्तकाचा कर्ता कानागाकी रोबुन हा उपहासात्मक कथा लिहिणारा; नव्याने गोमांस चाखू लागलेल्या नगरवासीयांची त्याने 1871 पासूनच टर उडवली होती. परक्या रश्श्याचे भाषांतर अशा विनोदकाराच्या हातून व्हावे, हे आम्हांस अर्थपूर्ण वाटते.

1915 साली जपानात आश्रयास गेलेले क्रांतिकारक रासबिहारी बोस यांच्यामुळे त्यांच्या सासऱ्यांच्या 'नाकामुराया'त 1927 साली हाडांसकट कोंबडीची 'भारतीय करी' मिळू लागली. तिला मूळ संहिता म्हणावे काय? ती एका निर्वासित बंगाल्याच्या स्मरणातली.

घरोघरी मात्र वडी विरघळवून होणारी करी रुजली. 1963 सालच्या 'व्हर्माँट करी'त सफरचंद आणि मध आले, ते मुलांनी व मोठ्यांनी एकाच पातेल्यातले जेवावे म्हणून. अस्सलतेच्या कसोटीवर तिला नापास करणारे स्वयंपाकघरात न डोकावताच निकाल देतात, असे आमचे मत आहे. तिच्या नावात तर भारत नव्हे, अमेरिकेतले एक राज्य आहे.