एकवीस वर्षे थांबलेली दुर्बीण

हैदराबाद संस्थानाचा इतिहास लिहिताना आपण मराठवाड्यातले लोक शेतसारा, जहागिरी, रझाकार आणि १७ सप्टेंबर १९४८ यांविषयी लिहितो. ते लिहायलाच हवे. पण याच संस्थानात शेतांप्रमाणे आकाशाचीही मोजणी झाली, हे आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही.

या मोजणीची सुरुवात एका हौशी माणसाने केली. नवाब जफर जंग या हैदराबादच्या अमिराने १९०१ मध्ये इंग्लंडहून ग्रब कंपनीची १५ इंची दुर्बीण विकत घेतली आणि निजामाच्या परवानगीने आपल्या वेधशाळेला 'निजामिया' हे नाव दिले. १९०७ मध्ये नवाब वारले. पुढच्या वर्षी वेधशाळा संस्थानाच्या अर्थखात्याकडे आली, म्हणजे तिचा खर्च ज्या खजिन्यातून होऊ लागला, त्यात मराठवाड्याचाही पैसा होता.

नवाबांची ती मोठी दुर्बीण मात्र बेगमपेठेच्या वेधशाळेत बसून कामाला लागली ती १९२२ मध्ये. खरेदीपासून २१ वर्षे गेली होती. वेधशाळेचे नाव जगात झाले ते तिच्यापेक्षा लहान, ८ इंची छायाचित्र-दुर्बिणीमुळे.

१८८७ मध्ये पॅरिसच्या परिषदेत साऱ्या आकाशाची छायाचित्रे घेऊन ताऱ्यांची यादी करायचे ठरले. आकाशाचे पट्टे पाडून ते निरनिराळ्या वेधशाळांना वाटून दिले गेले. खगोलाच्या विषुववृत्ताच्या दक्षिणेस १७ ते २३ अंशांचा पट्टा आधी चिलीतल्या सांतियागोकडे होता, तो पुढे हैदराबादकडे आला. पोकॉक यांच्या संचालकपदाच्या काळात, १९१४ पासून, कामाला वेग आला. काचेच्या पट्टीवर एक मिलिमीटर म्हणजे आकाशातला अंशाचा साठावा भाग. प्रत्येक ठिपक्याचे स्थान मोजायचे, नोंदवायचे, आकडेमोड करायची आणि पुढची काच घ्यायची. पोकॉक यांच्यानंतर १९१८ मध्ये भास्करन संचालक झाले, १९१९ मध्ये वेधशाळा उस्मानिया विद्यापीठाकडे गेली, तरी काम थांबले नाही. पुढे उत्तरेचाही एक पट्टा त्यांनी घेतला. दोन्ही मिळून सात लाखांहून अधिक ताऱ्यांची स्थाने छापली गेली.

हे काम वाया गेल्यासारखे काही काळ वाटले असेल, कारण खगोलशास्त्राची दिशाच बदलली होती. पण तारा आपल्या जागेवरून किती सरकला हे कळायला त्याची जुनी जागा माहीत असावी लागते. हिप्पार्कोस उपग्रहाच्या नोंदींवरून २००० मध्ये सुमारे २५ लाख ताऱ्यांची 'टायको-२' ही यादी तयार झाली, तेव्हा ताऱ्यांची गती काढण्यासाठी या जुन्या याद्याच उपयोगी पडल्या. बांधाचा वाद मिटवायला जुनी मोजणी काढावी, तसेच हे झाले.

शाळेच्या वयात सुटलेला तारे पाहण्याचा छंद पन्नाशीनंतर औशात नव्या दुर्बिणीसह पुन्हा धरताना हा इतिहास मला फार कामाचा वाटतो. नवशिक्याला आधी भिंगाच्या आकाराची भुरळ पडते. निजामियाची हकीकत सांगते की, मोठी दुर्बीण असणे वेगळे आणि रोजची नोंद असणे वेगळे. तारीख, वेळ, हवा कशी होती आणि काय दिसले, एवढे चार रकाने वहीत असले की पाहणाऱ्याचे काम सुरू झाले.

औसा साधारण सव्वाअठरा अक्षांशावर आहे. त्यामुळे हैदराबादने मोजलेला तो दक्षिणेचा पट्टा इथून क्षितिजाच्या वर सुमारे ४९ ते ५५ अंशांवरून जातो. दिवाळीच्या दिवसांत रात्री नऊ-दहाच्या सुमारास दक्षिणेकडे तिमिंगल समूहातला सर्वांत तेजस्वी तारा दिसतो, तो याच पट्ट्यातला. मध्यरात्रीनंतर व्याध वर आला की त्याच्या दक्षिणेला चार अंशांवरचा तारकापुंज लहान दुर्बिणीतूनही सुटा सुटा दिसतो. तोही त्यातलाच. आपल्या इतिहासाचे हे एक दप्तर असे आहे, की ते पाहायला हैदराबादला जावे लागत नाही.