पाटण ते लळिंग : एका दिवसाची फेरी

खानदेशात तीर्थांना तोटा नाही. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव आहे, एरंडोलजवळ पद्मालय आहे, आणि डोंगरात एखादे लेणे दिसले की तिथे पांडव किंवा सीता येऊन गेलेली असतेच. या ठिकाणांच्या माहितीपुस्तिकांतून देव भेटतात, राजे भेटतात, ऋषी भेटतात. दगड फोडणारा, तेल गाळणारा, वेशीबाहेर राहणारा माणूस मात्र भेटत नाही. तो तिथे नव्हताच काय? हा प्रश्न मनात घेऊन गेल्या ३१ जुलैला मी दोन विद्यार्थ्यांसह जीपने निघालो.

पहिला मुक्काम चाळीसगावजवळचे पाटण. पाटणादेवीला मी प्रथम आलो तो शाळेच्या सहलीतून. सगळी मुले देवळात गेली, आम्ही तिघे पायऱ्यांशी थांबलो. कुणी अडवले नव्हते. घरून तशी ताकीद होती, आणि गुरुजींनीही ‘या’ म्हटले नाही. त्या दिवशी लीलावतीची गोष्ट मात्र आम्हीही ऐकली : मुहूर्ताच्या घटिकापात्रात मोती पडला, वेळ चुकली, आणि भास्कराचार्यांनी लेकीसाठी गणिताचा ग्रंथ लिहिला. पुढे कळले की ही गोष्ट अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतरात येते, म्हणजे ग्रंथानंतर चारशेहून अधिक वर्षांनी.

पाटणचा शिलालेख गोष्टीपेक्षा अधिक सांगतो. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. शके ११२८चा हा लेख सांगतो की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता, त्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापला आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्याला दान दिले. शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत. बाजारात येणाऱ्या मालावरचे उत्पन्न मठाकडे जावे, घाण्यामागे तेल द्यावे, असा त्यांचा आशय आहे. म्हणजे सिद्धान्तशिरोमणीचा अभ्यास ज्या दिव्याखाली चालला त्याचे तेल गावच्या घाण्याचे होते. लेखात आचार्यांची वंशावळ आहे. घाणा चालवणाऱ्याचे नाव नाही.

जवळच कन्हेरगडाच्या अंगाला लेणी आहेत. एकीला लोक ‘नागार्जुनाची कोठी’ म्हणतात, दुसरीला ‘सीतेची न्हाणी’. कोठीत पाहावे तर जिनमूर्ती. बौद्ध आचार्याचे नाव, जैनांचे लेणे, आणि शेजारी रामायणातील सीता! दंतकथा अशी चालते. ज्यांनी कोरले ते विसरले जातात आणि ओळखीचे नाव त्या जागी बसते. यात प्रत्येक वेळी कुणाचा डाव असतो असे मी म्हणत नाही. परंतु विसर पडतो तो नेहमी कुणाचा, हे पाहिले पाहिजे.

कन्नडचा घाट चढला की जिल्हा बदलतो, डोंगर तोच. पितळखोऱ्याच्या पायऱ्या उतरताना वरून पाण्याची धार कोसळत होती. ही बौद्ध लेणी इ.स. पूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकात खोदायला सुरुवात झाली. विहाराच्या जोत्यावर हत्तींची रांग आहे, दाराशी द्वारपाल आहेत. चैत्याच्या खांबांवर पैठणच्या मितदेवाचे नाव आहे. तो गंधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा धंदा करणाऱ्या कुळातला. विहारात राजवैद्य मगिल याचे नाव आहे, आणि त्याच्या मुलाबरोबर मुलीचेही, दता. इथे सापडलेली यक्षाची मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर लेख आहे : ही कण्हदास सोनाराने केली.

कण्हदास अस्पृश्य होता असा दावा मी करणार नाही. बाबासाहेबांनी ‘द अनटचेबल्स’ (१९४८) या ग्रंथात अस्पृश्यतेचा उगम इ.स. ४००च्या सुमारास मानला आहे, आणि कण्हदास त्याच्या कितीतरी आधीचा. मुद्दा वेगळा आहे. हाताने काम करणारा माणूस आपल्या कामावर धंद्यासकट नाव कोरतो. त्यानंतर हजाराहून अधिक वर्षांनी पाटणच्या लेखात तेल उरते आणि माणूस नाहीसा होतो.

परतताना चाळीसगाव स्टेशनसमोर जीप थांबवली. ‘सर, इथे काय पाहायचं?’ एकाने विचारले. मी म्हणालो, ‘हेही तीर्थच आहे.’

अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीचे बाबासाहेब सदस्य होते. १९२९ साली ते खानदेशात आले. धुळे लाइनवरील एका गावातील बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावला परतले, तेव्हा महारवाड्यातील लोक हार घेऊन उभे होते. स्टेशनवर टांगे पुष्कळ, पण अस्पृश्याचा टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. बॅरिस्टर झाले म्हणून काय झाले? पाहुण्याने पायी यावे हे लोकांना पटेना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मिळाला नाही. सवय नसलेला आपल्यातलाच एकजण हाकायला बसला. नदीवरच्या पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये त्यांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे.

दुसऱ्या विद्यार्थ्याने विचारले, ‘टांगा हाकणाऱ्याचं नाव काय?’ बाबासाहेबांच्या हकिकतीत ते नाही. मी निरुत्तर झालो. घाण्यावाल्याचे नाव लिहिले नाही म्हणून मी सकाळपासून यादवांच्या लेखाला दोष देत होतो.

संध्याकाळी लळिंगला पोचलो. धुळ्याजवळच्या या किल्ल्याच्या परिसरात लांडोर बंगला आहे. १९३७ साली न्यायालयातील कामासाठी धुळ्याला आले असता बाबासाहेब येथे उतरले होते. त्याची आठवण म्हणून दर ३१ जुलैला येथे लोक जमतात. पावसात भिजलेल्या बाया, कडेवर पोरे, निळे झेंडे, पुस्तकांची दुकाने. इथे नवस नाही, पुजारी नाही, पायऱ्यांशी कुणाला थांबावे लागत नाही. माझ्या शाळेच्या सहलीतील ते दोन सोबती मला त्या गर्दीत फार आठवले.

पण सावध राहिले पाहिजे. दंतकथा आपल्या दारातही वाढते. उद्या इथेही चमत्कार सांगितले जातील आणि तारीख, खटला, माणसे विसरली जातील. बाबासाहेबांना देव्हाऱ्यात बसवणे सोपे. त्यांच्याबरोबर स्टेशनवर तासभर ताटकळलेल्या माणसांचा शोध घेणे अवघड. म्हणून विद्यार्थ्यांना विनंती आहे की त्यांनी चाळीसगावच्या जुन्या घरांत जावे. आजोबांनी काय सांगितले ते विचारावे, कागद पाहावेत, नावे उतरवून घ्यावीत. कण्हदासाने स्वतःचे नाव स्वतः कोरले. ज्यांच्या हाती छिन्नी नव्हती, त्यांची नावे आपण लिहायची आहेत.