खेळयंत्रांची चुरस आणि जोडणीची अट

इतिहास म्हटला की गडकोट आणि तहनामे डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु ज्या अटींनी सामान्य माणसाचा व्यवहार बदलतो, त्या अटींनाही इतिहास असतो. आणि तो कधी कधी मुलांच्या खेळण्यात दडलेला सापडतो.

पाचोरेकरांना या प्रश्नाचे मूळ चटकन उमगेल. जामनेरची छोटी गाडी २०२० पर्यंत आपल्या अरुंद रुळांवरून धावत होती. तिचा डबा मुख्य मार्गाच्या रुंद रुळांवर मात्र चालणे शक्य नव्हते. व्हिडिओ गेमच्या कन्सोलांचे असेच आहे. एका कंपनीची तबकडी दुसरीच्या यंत्रात चालत नाही. म्हणून एकदा यंत्र घेतले की गिऱ्हाईक त्या कंपनीला बांधले जाते.

सेगाने १९९८ साली 'ड्रीमकास्ट'मध्ये मोडेम बसविला. मायक्रोसॉफ्टने २००२ च्या नोव्हेंबरात 'एक्सबॉक्स लाइव्ह' सुरू केले. तोवर जोडणी ही सोय होती. २०१३ साली तिची अट होऊ घातली. त्या वर्षी २१ मे रोजी मायक्रोसॉफ्टने 'एक्सबॉक्स वन' जाहीर केले, आणि जूनच्या आरंभी खुलासा केला की, यंत्र चोवीस तासांतून एकदा इंटरनेटला जोडलेच पाहिजे. एरवी विकत घेतलेला खेळही चालणार नाही. तबकडी मित्राला उसनी देण्याची मुभा आरंभी नव्हती. ज्या खानदेशाने भारनियमनाची वर्षे काढली, त्याला या अटीचा जाच निराळा सांगावयास नको.

१० जूनला लॉस एंजेलिस येथे सोनीने सांगितले की, 'प्लेस्टेशन ४'ला अशी अट नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. किंमतही ४९९ ऐवजी ३९९ डॉलर. शिवाय सोनीने एक चित्रफीत काढली : एक अधिकारी दुसऱ्याच्या हाती तबकडी देतो, संपले! १९ जूनला मायक्रोसॉफ्टने अट मागे घेतली. आपल्या देशात ही दोन्ही यंत्रे २०१४ साली आली. भांडण परदेशी झाले, लाभ येथल्या मुलांनाही मिळाला.

मग सोनी दयाळू ठरली काय? आम्हांस तसे वाटत नाही. २०११ साली तिचेच जाळे तीन आठवड्यांहून अधिक काळ बंद पडले होते, आणि सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती धोक्यात आली होती. २०१३ साली ग्राहकाला वाचविले ते दोघांच्या चुरशीने, आणि त्याने स्वतः केलेल्या ओरडीने.

ही ओरड थांबताच अट मागील दाराने परत आली. २०१९ व २०२० साली दोन्ही कंपन्यांनी तबकडीची खाचच नसलेली यंत्रे विक्रीस आणली. २०२३ च्या 'प्लेस्टेशन ५'चा सुटा तबकडीचालक बसवितानाही एकदा इंटरनेट लागते. तबकडी नाही तेथे उसनवारी नाही, आणि जुना खेळ विकून नवा घेणेही नाही.

तेव्हा दुकानात पैसे मोजताना आपण किंमत विचारतो, तशीच अटही विचारावी. विकत घेतलेली वस्तू आपली की कंपनीच्या मर्जीची, हा प्रश्न खेळापुरता राहणारा नाही.