उभी राहिलेली गाडी

हिंगोली जिल्ह्यांतील वसमत हें हळदीच्या बाजारपेठेचें गांव. २०२४ सालीं येथील हळदीला भौगोलिक मानांकन मिळालें. पण हळदीची परीक्षा कशी करावी हें शेतकरी व आडते दोघांनाहि त्याच्या कितीतरी आधींपासून ठाऊक आहे. ढीग उघडा पडलेला असतो. घेणारा त्यांतील एखादें हळकुंड उचलतो, मोडून पाहतो, आंतला रंग निरखतो आणि मोडतांना झालेल्या आवाजावरून माल किती वाळला आहे हें ताडतो. देणाऱ्याला जें ठाऊक असतें, तें घेणाऱ्यालाहि घटकाभरांत बरेंचसें कळतें. म्हणून हलका माल हलक्या भावानें आणि भारी माल भारी भावानें जातो. पण जातात दोन्ही.

याच हळदीच्या पैशांतून एखादें कुटुंब जुनी मोटार घ्यावयास निघालें, म्हणजे त्याला निराळाच बाजार पाहावा लागतो. विक्रेत्याच्या आवारांत कांहीं गाड्या आठवडाभरांत उठतात, तर कांहीं महिनोन् महिने ऊनपाऊस खात उभ्या राहतात. रंग तोच, सांगाडा तोच, सालहि पुष्कळदां तेंच. मग एकीला गिऱ्हाईक मिळतें आणि दुसरीला मिळत नाहीं, असें कां व्हावें?

या प्रश्नाचें मूळ मोटारीहून जुनें आहे. बैलबाजारांत दात पाहून वय कळतें, खांदा, खूर व चाल यांवरून बळाचा अंदाज येतो. परंतु जनावर औताला धड चालतें कीं मध्येंच बसतें, हें विकणाऱ्याच्याच पोटांत राहतें. म्हणून ऐन पेरणीच्या तोंडावर कोणी धडधाकट बैल विकावयास काढला, तर पाहणाऱ्याच्या मनांत पहिला प्रश्न किमतीचा येत नाहीं. ‘हा विकतो कां?’ हाच प्रश्न प्रथम येतो. जुन्या मोटारीचा सारा व्यवहार याच एका प्रश्नाभोंवतीं फिरतो.

तथापि हा प्रश्न विचारण्याची चैन या भागांतील गिऱ्हाइकाला फार उशिरां परवडली. मोटार इकडे आली तेव्हां वसमत निझामाच्या हैदराबाद संस्थानांत होतें. १९३२ सालीं निझामाच्या रेल्वेनें २७ गाड्यांनिशीं प्रवासी मोटारींची वाहतूक सुरू केली. खासगी मोटार मात्र मोजक्या श्रीमंतांच्याच दारीं दिसे. सप्टेंबर १९४८ मध्यें संस्थान भारतांत सामील झालें, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आला, तरी मोटारीची टंचाई संपली नाहीं. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून पुढें फियाट व पद्मिनी, आणि बंगालमधील उत्तरपाड्याहून अॅम्बॅसेडर, एवढ्याच प्रमुख गाड्या देशांत मिळत. किती गाड्या काढावयाच्या हें सरकारी परवान्यावर ठरे. नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहिल्यावांचून नवी गाडी मिळत नसे. ज्याला आजच गाडी हवी, त्याला जुनीच घेणें भाग होतें. थोडीशी वापरलेली गाडी नव्या गाडीहून अधिक दामांत विकली जाई, असाहि तो काळ होता. शिवाय गाड्यांचे प्रकार दोन-तीनच असल्यानें त्यांचे रोग गांवोगांवच्या कारागिरांना तोंडपाठ असत. अशा दिवसांत गाडी उभी राहण्याचें कारणच नव्हतें.

डिसेंबर १९८३ मध्यें मारुतीची छोटी गाडी रस्त्यावर आली, १९९३ सालीं मोटारनिर्मितीवरील परवान्याचें बंधन उठलें आणि पुढें कर्जावर नवी गाडी मिळूं लागली. गिऱ्हाइकाला निवड आली, आणि निवडीबरोबर संशयहि आला.

या संशयाचें गणित अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अॅकरलॉफ यांनीं १९७० सालच्या एका निबंधांत मांडलें. बिघडलेल्या मोटारीला अमेरिकेंत ‘लेमन’, म्हणजे लिंबू, म्हणतात. त्या लिंबांच्या बाजाराविषयीं हा निबंध आहे. तीन नियतकालिकांनीं तो नाकारल्यावर चवथ्यानें छापला. २००१ सालीं त्याच विचारासाठीं त्यांना दोन सहकाऱ्यांसह अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. भारतांतील बाजारांतून आणलेल्या तांदळांतून गृहिणीला त्याच रंगाचे व आकाराचे खडे वेंचावे लागतात, याचाहि त्यांत उल्लेख आहे.

त्यांचा युक्तिवाद सोपा आहे. समजा, सारख्या दिसणाऱ्या गाड्यांपैकीं चांगली गाडी तीन लाखांची आणि खराब गाडी एक लाखाची आहे. कोणती कशी हें घेणाऱ्याला कळत नाहीं, म्हणून तो मधला, दोन लाखांचा भाव बोलतो. खराब गाडीचा मालक आनंदानें देतो. चांगल्या गाडीचा मालक गाडी घेऊन घरीं जातो. मग बाजारांत खराब गाड्याच अधिक उरतात, हें गिऱ्हाइकालाहि कळतें आणि त्याचा भाव आणखी उतरतो. अशा रीतीनें वाईट माल चांगल्या मालाला बाजारांतून हांकलून लावतो.

आवारांत उभ्या राहिलेल्या गाड्यांचें कोडें येथें उलगडतें. दोन प्रकारच्या गाड्या खपत नाहींत. एक, खराब असून चांगल्या गाडीचें मोल मागणारी. दुसरी, खरोखरच चांगली असून आपलें खरें मोल मागणारी. पाहणाऱ्याला दोघींत भेद दिसत नाहीं. एकीच्या पापाचें फळ शेजारच्या निष्पाप गाडीलाहि भोगावें लागतें.

याखेरीज तिसराहि एक वर्ग आहे. जनरल मोटर्सनें २०१७ च्या अखेरीस भारतांत गाड्या विकणें थांबविलें. फोर्डनें २०२१ सालीं येथील उत्पादन बंद करण्याचें जाहीर केलें. त्यांच्या गाड्या त्या दिवसापासून कांहीं बिघडल्या नाहींत. पण लहान गांवच्या गिऱ्हाइकाला सुटा भाग कोठें मिळेल व कारागीर कोण भेटेल, ही धास्ती पडली. मालक मात्र आपण मोजलेली किंमत विसरत नाहीं, आणि या दोन मनांच्या अंतरांत गाडी उभी राहते.

एकदां उभी राहिली कीं उभें राहणें हाच तिचा दोष होतो. बॅटरी उतरते, टायर एका जागीं दबतात, रबर कडक होतें, उंदीर तारा कुरतडतात. त्याहून वाईट म्हणजे नवा गिऱ्हाईक विचार करतो, ‘इतक्यांनीं पाहून सोडली, त्या अर्थीं कांहीं तरी असलें पाहिजे.’ विक्रेत्यानें भाव उतरविला, तर हा तर्क अधिकच बळावतो.

कधीं कधीं गाडी निर्दोष असते आणि दोष कागदांत असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वयें खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षें चालते. मुदत सरत आलेली गाडी स्वस्त असूनहि महाग वाटते. बँकेच्या कर्जाची नोंद उतरविलेली नसली, तर शहाणा माणूस हात आखडतो. हें भय निराधार नाहीं. नोंदवहींत ज्याचें नांव तोच मालक. गाडी विकली पण नांव बदललें नाहीं, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्याकडेच राहते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं दिला. ज्यानें गाडी कधींच दुसऱ्याच्या हवालीं केली, त्याच्या घरावर परक्याच्या अपघाताचें ऋण येऊं शकतें.

१९३० च्या मालविक्री कायद्याचें सर्वसाधारण तत्त्व घेणाऱ्यानेंच सावध असावें असें आहे. अपवाद आहेत, पण मुख्य भार त्याच्यावर. अॅकरलॉफ यांनीं यावर हमी, नांवलौकिक व परवाना असे उपाय सुचविले होते. आपल्याकडे ते क्रमानें येत आहेत. २००१ सालीं मारुतीनें जुन्या गाड्या तपासून हमीनें विकण्याचीं दुकानें काढलीं. १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आलेल्या नियमांनीं, जुन्या गाड्यांच्या अधिकृत विक्रेत्यास ताब्यांत घेतलेल्या गाडीचा मालक समजून त्याच्यावर जबाबदारी टाकली.

या सर्वांचा हेतु एकच: हळकुंडाप्रमाणें गाडीहि मोडून पाहतां यावी, मात्र ती मोडल्यावांचून. ज्याला खरें ठाऊक आहे त्यानें तें सांगावें, आणि खोटें ठरल्यास त्याची किंमत त्यालाच भरावी लागावी, एवढी व्यवस्था झाली तर चांगल्या गाडीला चांगलें मोल मिळेल आणि खराब गाडीलाहि तिच्या योग्यतेचें गिऱ्हाईक भेटेल. ती व्यवस्था गांवच्या आवारापर्यंत पोंचेतों मात्र प्रामाणिक माणसाची निगेनें राखलेली गाडी लबाडाच्या गाडीशेजारीं धूळ खात उभी राहील, आणि तिला पाहून जाणारा प्रत्येकजण स्वतःशीं तेंच विचारील, ‘हा विकतो कां?’