पाठवणी असते सीडीच्या कडेला

आमच्या कबनूरच्या घरी कपाटाच्या वरच्या फळीवर, साड्यांच्या मागे, आत्याच्या लग्नाच्या दोन सीडी आहेत. लग्न 2004 चं. पहिल्या सीडीवर हळद, साखरपुडा, रुखवत. दुसरीवर अक्षता, जेवणावळ आणि पाठवणी. पाठवणीच्या वेळी आजी आत्याला जवळ घेऊन काहीतरी बोलते. आजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिचा आवाज जगात दुसरीकडे कुठेही साठवलेला नाही.

गेल्या दिवाळीत भावाने जुना लॅपटॉप आणला आणि आम्ही त्या सीडी लावल्या. पहिली सुरळीत चालली. दुसरी जेवणावळीपर्यंत आली, चित्राचे चौकोन झाले आणि थांबली. आजी त्याच्या पुढे होती.

तेव्हापासून मी या चकतीचा इतिहास शोधतो आहे. तुमच्याही घरात अशी एखादी असणार, म्हणून हे लिहितो.

आवाज धरून ठेवण्याची गोष्ट

कोल्हापूर परिसराला गाण्याचा वारसा मोठा. ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा आमच्या शेजारच्या इचलकरंजीचं नाव लावत. शाहू महाराजांच्या पदरी अल्लादिया खाँसाहेब होते. खाँसाहेबांचं स्वतःचं गाणं तबकडीवर उतरलं नाही. ते शिष्यांच्या गळ्यातून राहिलं. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी मात्र 1977 साली व्हॉयजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर बसून अवकाशात गेली. गुरूचा आवाज गेला आणि शिष्येचा ताऱ्यांमधल्या अवकाशात पोहोचला. मधे फरक एवढाच, की एक साठवला गेला आणि दुसरा नाही.

सीडी आली त्यानंतर पाचच वर्षांनी. फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून ती तयार केली आणि ऑक्टोबर 1982 मध्ये जपानमध्ये विक्रीला आणली. सुई नाही, घासणं नाही, त्यामुळे झीज नाही. ही कायमची वस्तू आहे, असा तेव्हा सर्वसाधारण समज झाला. 1993 मध्ये व्हीसीडीचं प्रमाण ठरलं. एका चकतीवर साधारण 74 मिनिटांचं चित्र मावायचं, म्हणून आपल्याकडे सिनेमा दोन सीडींचा आणि लग्नही दोन सीडींचं. युरोप-अमेरिकेत व्हीसीडी फारशी रुजली नाही. आशियात मात्र ती घराघरात गेली. कबनूरसारख्या गावात कितीतरी कुटुंबांचा पहिला हलता-बोलता दस्तऐवज तोच.

पिंज आणि लेझर

कबनूर आणि इचलकरंजी यांच्यामधली हद्द आता फक्त कागदावर दिसते. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला आणि पुढे सगळा परिसर मागाच्या खडखडाटावर जगू लागला. मागाबरोबर पिंज आली. कापसाचे बारीक तंतू पंख्यावर, केसांत, भाकरीच्या टोपलीत. सीडी अडकली की आम्ही म्हणायचो, ‘पिंज बसली.’ आणि शर्टाच्या टोकाने गोल गोल पुसायचो.

यात दोन चुका होत्या. त्या कळायला सीडी आतून कशी असते ते पाहावं लागतं.

सीडी 1.2 मिलिमीटर जाड असते. त्यातला जवळजवळ सगळा भाग म्हणजे पारदर्शक पॉलिकार्बोनेट. माहिती असते त्याच्या वरच्या टोकाला, म्हणजे छापील बाजूच्या अगदी खाली. तिथे धातूचा अतिशय पातळ थर आणि त्यावर लाखेसारखा एक लेप. चमकणारी बाजू नाजूक आणि नाव लिहायची बाजू दणकट, असं आपण समजत होतो. खरं उलटं आहे. खालून पडलेला बारीक चरा पॉलिश करून कमी करता येतो. वरून नखाने थर खरवडला तर माहितीच उडते.

लेझरचा झोत चकतीत शिरताना पाऊण मिलिमीटरच्या आसपास रुंद असतो आणि आत जाऊन दीड-दोन मायक्रॉनच्या ठिपक्यावर एकवटतो. पृष्ठभागावर बसलेला कापसाचा एखादा तंतू त्याच्या वाटेत आला तरी त्याला तो धूसरच दिसतो. शिवाय माहिती अशी विखरून लिहिलेली असते, की सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतचा सलग तुकडा गेला तरी प्लेअर तो हिशेबाने भरून काढतो. म्हणजे पिंजेने सीडी क्वचितच बिघडायची. पिंज, त्यातही मागाच्या तेलाने चिकट झालेली, जाऊन बसायची प्लेअरच्या भिंगावर. दोष भिंगाचा असायचा आणि शिक्षा सीडीला मिळायची.

दुसरी चूक गोल पुसण्याची. सीडीवरची रेघ एकच असते, सुमारे पाच किलोमीटर लांब, मधून बाहेर वळत जाणारी. गोल पुसताना एखादा कण घासला की चरा त्या रेघेच्या दिशेनेच पडतो आणि सलग मोठा तुकडा वाचता येत नाही. मधून कडेकडे सरळ पुसलं, तर पडलेला चरा प्रत्येक वळण फक्त ओलांडून जातो. तेवढं नुकसान प्लेअर सांभाळून घेतो.

लग्नाचीच सीडी का जाते?

दुकानातली सिनेमाची सीडी साच्यातून काढलेली असते. लग्नाची सीडी स्टुडिओत ‘राइट’ केलेली. तिच्यात खड्डे नसतात, रंगाचा थर असतो. लेझरने तो जागोजागी बदलतात. हा रंग उन्हाने आणि उष्णतेने उतरतो. वर आपण वधूवरांचा गोल फोटो चिकटवायचो. त्याचा गोंद लेपाला त्रास देतो आणि कागदाच्या वजनाने चकती डगमगत फिरते. सगळ्यात जिव्हाळ्याची सीडी सगळ्यात लवकर जावी, याची तजवीज आपणच हौसेने केली.

अजून एक गोष्ट मला उशिरा कळली. सीडी मधून वाचायला सुरुवात होते आणि शेवट येतो कडेला. हातात धरताना बोटं लागतात ती कडेला. लेपाची कड सुटून हवा आणि ओल आत शिरते तीही तिथूनच. म्हणजे दुसऱ्या सीडीवर अक्षता सुरक्षित, आतल्या वळणात. आणि पाठवणी नेहमी कडेला.

पूर आणि ऊन

ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेने कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी 55 फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी 43 फूट. इचलकरंजीच्या नदीकाठच्या भागातही पाणी शिरलं. पाणी ओसरलं की घरोघरी गाद्या, अल्बम, वह्या उन्हात मांडल्या जातात. भिजलेली सीडीही तशीच उन्हात टाकली जाते आणि पुरातून वाचलेला रंग उन्हात जातो. खरं तर तिला करायचं फार थोडं असतं. चिखल वाळायच्या आत स्वच्छ पाण्याखाली धरायची, चिखल चोळायचा नाही, मऊ सुती फडक्याने टिपायची आणि सावलीत वाळवायची. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको. नंतर कडक डबीत, उभी ठेवायची. डबी तिला मधल्या भोकाशी धरते, त्यामुळे अंगाला काही घासत नाही. मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ती गरमीने चिकटते.

पण आता नुसतं जपून भागणार नाही. व्हॉयजरच्या तबकडीबरोबर सुईही ठेवली होती आणि ती कशी वाजवायची याच्या खुणा वेष्टनावर कोरल्या होत्या. आपण सीडी कपाटात ठेवली आणि प्लेअर भंगारात घातला. म्हणून सीडी मिळाली की आधी तिची नक्कल काढा. व्हीसीडीत ‘एमपेगएव्ही’ नावाचं फोल्डर असतं, चित्र त्यातल्या फाइलमध्ये. ती कॉपी करून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. एका ड्राइव्हने वाचली नाही तर दुसऱ्यावर लावा. प्रत्येक ड्राइव्हचं भिंग वेगळं असतं.

आम्ही तेच केलं. इचलकरंजीतल्या एका मित्राच्या जुन्या कॉम्प्युटरवर दुसरी सीडी रात्रभर चालली. सकाळी फाइल तयार होती, मधे मधे तुटलेली. आजी पदराने डोळे पुसते, आत्याच्या गालावरून हात फिरवते, तोंड उघडते आणि चित्र फुटतं. नंतर चार शब्द ऐकू येतात : ‘पोचलीस की फोन कर.’

एवढंच वाचलं. आत्याने ते रिंगटोन करून घेतलं आहे.