आहारविकारांवरील द्वंद्वात्मक वर्तनोपचार

भावनिक क्षोभ सावरण्याची कौशल्ये शिकवून खाण्याचे अनावर झटके थांबवू पाहणारी मानसोपचार पद्धती. तज्ज्ञांच्या बोलण्यात ती ‘डीबीटी’ म्हणूनच रूढ आहे. बिंज ईटिंग (थोड्या वेळात भरमसाट खाणे आणि खाताना स्वतःवर ताबा न राहणे) व बुलिमिया (असे खाऊन झाल्यावर ओकारी काढणे, जुलाब घेणे, कडकडीत उपास किंवा अतिव्यायाम करणे) हे तिचे मुख्य क्षेत्र होय.

मूळ : अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात, वारंवार आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या व स्वतःला इजा करून घेणाऱ्या स्त्रियांसाठी ही पद्धती घडवली. पहिली नियंत्रित चाचणी १९९१ मध्ये आणि सविस्तर ग्रंथ १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसाला आहे तसे स्वीकारायचे आणि त्याच वेळी बदलायलाही लावायचे, हे तिचे सूत्र. स्वीकाराची बाजू लिनेहन यांनी झेन साधनेतून घेतली.

स्टॅनफर्ड रूप : ख्रिस्टी टेल्च, स्ट्यूअर्ट अ‍ॅग्रस व नंतर डेब्रा सेफर यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात मूळ उपचार आटोपशीर केला. वर्षभराऐवजी २० आठवडे, आठवड्यातून एक बैठक. बिंज ईटिंगसाठी दोन तासांचा गट, बुलिमियासाठी एकट्याने. सजगता, भावनांचे नियमन व क्लेश सोसणे हे तीन भाग ठेवले. माणसामाणसांतील व्यवहाराची कौशल्ये हा चौथा भाग वगळला. गटाच्या पहिल्या तासात घरचा अभ्यास तपासतात, दुसऱ्या तासात नवे कौशल्य शिकवतात.

बोधात्मक वर्तनोपचारात (विचार व वर्तन बदलण्यावर भर देणाऱ्या पद्धतीत) झटक्याचे मूळ खाण्यावरच्या कडक निर्बंधांत आणि वजन-बांध्याला दिलेल्या अवाजवी महत्त्वात शोधतात. डीबीटीच्या मते, सोसवत नसलेल्या भावनेपासून घटकाभर सुटका मिळते म्हणून माणूस खात सुटतो. प्रत्यक्ष रुग्णात दोन्ही कारणे एकत्र नांदताना दिसतात.

साखळी विश्लेषण : उपचाराचा कणा. एकच झटका घेऊन त्याची कडी न् कडी लिहून काढायची. उदाहरणार्थ : रात्री झोप नीट नाही, दुपारचा डबा तसाच परत आणला; संध्याकाळी बहिणीचा फोन, त्यात एक टोमणा; ‘माझं कधीच काही धड होत नाही’ हा विचार; छातीत आवळल्यासारखे; पाहुण्यांसाठी म्हणून आणलेले बिस्किटांचे पुडे; दार लावून उभ्याउभ्याच ते संपवणे; दहा मिनिटे बधिर शांतता, मग शरम. ही शरमच पुढच्या साखळीची पहिली कडी ठरते. डबा खाल्ला असता तर? फोननंतर घराबाहेर पडता आले असते का? प्रत्येक कडीपाशी कोणते कौशल्य वापरता आले असते, ते शेजारी लिहायचे. पाहुण्यांसाठीची ती खरेदी वरकरणी निरुपद्रवी वाटते. अशा वर्तनांची उपचारात वेगळी नोंद ठेवतात. रोजची ऊर्मी, भावना व वापरलेली कौशल्ये डायरी कार्डावर भरतात. हे कार्ड कोरे येणे हा बैठकीतला पहिला विषय असतो, आणि नवशिके उपचारक नेमके तिथेच भिडेखातर गप्प बसतात.

पहिल्याच बैठकीत झटके पूर्ण सोडण्याची कबुली घेतात. तरीही पाऊल घसरलेच, तर स्वतःला न कोसता लगेच सावरायचे, हेही शिकवतात. ऑलिंपिकचा खेळाडू सुवर्णपदकासाठीच उतरतो, पण हरण्याची तयारीही ठेवतो, असा दाखला यासाठी देतात.

पुरावा : २००१ च्या चाचणीत बिंज ईटिंग असलेल्या ४४ स्त्रिया होत्या. उपचाराअखेर ८९ टक्के स्त्रियांचे झटके थांबले. प्रतीक्षायादीवरील गटात हे प्रमाण १२.५ टक्के होते. ८९ टक्क्यांचा आकडा वारंवार उद्धृत होतो. मात्र तो उपचार पूर्ण करणाऱ्यांपुरता आहे आणि सहा महिन्यांनी तो ५६ टक्क्यांवर आला, याचा उल्लेख क्वचितच होतो. त्याच वर्षी बुलिमियाच्या ३१ स्त्रियांवरील चाचणीत उपचार घेतलेल्यांपैकी २८.६ टक्के पूर्ण मुक्त झाल्या, प्रतीक्षायादीवरील एकही नाही.

खरी कसोटी २०१० ची. १०१ प्रौढांच्या या चाचणीत डीबीटीची तुलना रिकाम्या प्रतीक्षेशी नव्हती, तर कौशल्ये न शिकवता केवळ आधार देणाऱ्या गटोपचाराशी होती. उपचाराअखेर झटके थांबलेले ६४ टक्के विरुद्ध ३६ टक्के. वर्षभराने ६४ विरुद्ध ५६, म्हणजे फरक जवळजवळ मिटला. यावरून डीबीटीला विशेष गुण नाही असे काहींना वाटते. परंतु उपचार अर्ध्यावर सोडणारे डीबीटीत ४ टक्के, तर दुसऱ्या गटात ३३.३ टक्के होते. आहारविकारांत रुग्ण टिकणे हीच मोठी अडचण असल्याने हा आकडा अधिक मोलाचा मानावा लागतो.

ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेत प्रौढांच्या बिंज ईटिंगसाठी पहिला क्रम मात्र डीबीटीला नव्हे, तर बोधात्मक वर्तनोपचारावर आधारलेल्या मार्गदर्शित स्वमदतीला आहे.

मर्यादा : वजन उतरवणे हे या उपचाराचे उद्दिष्ट नाही. वारंवार ओकारी काढणाऱ्या रुग्णाच्या रक्तातील पोटॅशियम घटून हृदयाची लय बिघडू शकते. तेव्हा वैद्यकीय तपासणी सोबत हवीच.

अ‍ॅनोरेक्सिया (वजन वाढण्याच्या भीतीने खाणे अतिशय कमी करणे) : येथे भावना अनावर होण्यापेक्षा अतिनियंत्रण हा प्रश्न असतो, या भूमिकेतून थॉमस लिंच यांनी ‘रॅडिकली ओपन डीबीटी’ हे वेगळे रूप मांडले.

पुरुष रुग्ण : २००१ च्या दोन्ही चाचण्यांत एकही नव्हता.