गोटीमागचा वायू

बिअर हा काही माझ्या वाट्याचा विषय नव्हे. तरीही कल्याण स्टेशनबाहेरच्या गाडीवर मिळणाऱ्या गोटी सोड्याचे मूळ बिअरच्या पिंपावर सापडते, हे मान्य करावेच लागते. इंग्लंडात लीड्सला जोसेफ प्रिस्टले नावाचा पाद्री बिअरच्या भट्टीशेजारी राहत असे. आंबणाऱ्या बिअरवर जो वायू साचतो, त्यात त्याने १७६७ मध्ये पाणी धरून पाहिले. पाणी चुणचुणीत झाले! ही कृती त्याने १७७२ मध्ये छापली आणि १७८३ मध्ये जिनिव्हात याकोब श्वेप यांनी तिचा धंदा केला.

बाटलीतली बिअर आपला वायू आपणच तयार करते. उरलेले यीस्ट साखर खाते आणि वायू सोडते. लिटरला चार ग्रॅम साखर म्हणजे जवळजवळ लिटरभर वायू. चमचा सैल पडला की बाटली फुटलीच समजा. सोडेवाल्याकडे यीस्ट नसते, वायू बाहेरून भरायचा असतो, आणि तिथे त्याचे भांडण हवेशी असते. शून्य अंशाला लिटरभर पाणी सुमारे पावणेदोन लिटर वायू पोटात घेते. तीस अंशाला पाऊण लिटरही नाही. मे महिन्यातल्या डोंबिवलीचा विचार करा! म्हणून पाणी आधी गार करायचे, मग दाब द्यायचा आणि दांडा फिरवून बाटल्या घुसळायच्या. यात घाई केली तर सोडा उघडताना नुसता आवाज करतो आणि जिभेवर मिळमिळीत लागतो.

पण भरलेला वायू कोंडायचा कसा? बूच वाळले की वायू निसटे. लंडनच्या हायरम कॉड यांनी १८७२ मध्ये पेटंट घेतले: बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी, तोंडाशी रबरी कडे. बाटली उलटी धरून भरायची. गोटी तोंडाशी येते आणि आतला वायूच तिला कड्यावर दाबून धरतो. कोंडलेल्यानेच दार लावायचे, ही कल्पना मला कवितेहून सरस वाटते.

आपल्याकडे हा धंदा पारशांनी नावारूपाला आणला. पुण्यात १८८४ मध्ये अर्देशीर, मुंबईत १८८९ मध्ये ड्यूक्स. दाब सोसायचा म्हणून बाटली जाड आणि जड. त्यामुळेच दंगलींच्या जुन्या बातम्यांत 'दगड आणि सोडावॉटरच्या बाटल्या' ही जोडी ठरलेली असे. १९८४ च्या मे महिन्यात भिवंडीची दंगल ठाणे-कल्याणपर्यंत आली. त्यानंतरची कितीतरी वर्षे आमच्या भागात संध्याकाळी एखादी बाटली नुसती हातून पडून फुटली, तरी धडाधड दुकानांची शटरे खाली येत. रमजानमध्ये मगरिबच्या अजानीनंतर गोटी दाबल्यावर येणारा 'फट्' आवाजही त्याच बाटलीचा. तो ऐकून मात्र गाडीभोवती गर्दी वाढायची. त्या गर्दीत कोणाचा रोजा होता आणि कोणाला नुसतीच तहान लागली होती, हे सोडेवाला विचारत नसे.